हारमोनियम, बड़ा, एक नग

रायपूर, १२ मार्च २००१

लहानूमामा, जय भीम.

हे कोणाचं पत्र म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसू नका. मी रुचिता, तुमच्या चुलतबहिणीची, रायपूरच्या कमलाची पोट्टी. यशदीपदादाच्या लग्नात कामठीला आली होती. तुम्ही पंगतीत सगळ्यायले सांगून राहिले होते की नागपूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा पियानो अखेरपर्यंत तुमच्याच भरवशावर सुरात होता. तेव्हा मी गुलाबजाम वाढत होती, म्हणून तुमचं लक्ष नसन. माझं होतं.

तर मामा, मले पियानो लावायचा अन् दुरुस्त करायचा शिकवा. पत्रातून. फोनवर शिकायचं म्हटलं तर एसटीडीचं मीटर पळते.

झालं असं की नवीन राज्य निघालं अन् रायपूर त्याची राजधानी झालं. आता इथं रोज ट्रकानं राजधानी येऊन राहिली. टेबल भोपाळहून आलं, खुर्ची अजून वाटेत आहे. मी शंकर नगरच्या एका सरकारी अतिथी बंगल्यात रोजंदारीवर आहे, पडदे-चादरी सांभाळते. मागच्या महिन्यात कोण्या जुन्या जमीनदाराच्या घरचं फर्निचर बंगल्यासाठी आलं. त्यात सोफे, आरसे, भुसा भरलेलं एक अस्वल अन् एक पियानो. आमच्या बाबूनं रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘हारमोनियम, बड़ा, लकड़ी का, एक नग’.

बंगल्याचे मोठे साहेब, चौबे साहेब, भोपाळचे. त्यांनी सगळ्यायले उभं करून विचारलं, “इसको ठीक करना कौन जानता है?” सगळे अस्वलाकडं पाहू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, “हव साहेब, मैं.” बाबांची पेटी मीच उघडते, मीच साफ करते, भीमगीतांच्या कार्यक्रमाआधी सूरही मीच लावते. मले वाटलं, ही पेटीच मोठी.

आता साहेब म्हणतात, एक नवंबरला राज्याचा पहिला वाढदिवस, बंगल्यावर मोठी मेजवानी, त्यात हे वाजलं पाहिजे. वाजलं तर ‘वाद्य अनुरक्षक’ म्हणून नवीन पोस्ट निघते, त्यावर माझं नाव. पक्की पोस्ट, मामा. बाबा गेल्यापासून आमच्या घरात पक्कं काहीच नाही. आई रोज सकाळी विचारते, आज बोलावलं का कामावर. मले तो प्रश्न बंद करायचा आहे.

तुमची भाची,
रुचिता


कामठी, २६ मार्च २००१

रुचिता,

जय भीम. आधी हे सांग, तुले कोण्या शहाण्यानं सांगतलं की पियानो म्हणजे मोठी पेटी? पेटीत हवा असते, पियानोत ताण असते. दोनशेच्या वर तारा लोखंडी चौकटीवर ताणलेल्या असतात. एक तुटली तर गाल फाडून जाते. तारांच्या खुंट्या फिरवायची चावी लावताना तोंड बाजूले ठेवायचं, हे पहिलं लिहून ठेव.

पण चावी तुले इतक्यात लावायची नाही. आधी नुसतं उघड. वरचं झाकण, समोरची फळी, खालची फळी. स्क्रू कुठला कुठं होता ते कागदावर मांडून ठेव, नाहीतर सुताराच्या घरी जन्म घेऊनही उपयोग नाही. आत उंदराचं घर असन. असतेच. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे ती दाबलेली लोकर, त्यायले फार आवडते. पट्ट्या एकेक दाबून पाह्य, कोणती खाली जाऊन वर येत नाही. त्या फुगलेल्या असतात, जिथं घासतात तिथं अगदी थोडं पॉलिश पेपर मार. थोडं म्हणजे तुले वाटते त्याच्या अर्धं.

चावी बाजारात भेटत नाही. चौकोनी तोंडाची, आतून जराशी निमुळती, दांडा वीतभर. कोण्या लेथवाल्याकडून करून घे अन् ट्रंकेत कुलूप लावून ठेव. मी सांगतल्याशिवाय काढू नको. इन्स्टिट्यूटमधल्या आमच्या रोझारियो साहेबाकडं लोक वर्षवर्ष झाकण पुसत, मंग कुठं तो नजर वर करे.

पोट्टीनं हे शिकावं का, असं गोदूले विचारलं. तुझी मामी म्हणे, पोट्ट्यायनं शिकून काय दिवे लावले.

लहानू


रायपूर, ९ मे २००१

मामा,

उंदराचं घर होतं. त्यात नमदा, लग्नपत्रिकेचे तुकडे अन् अस्वलाचा भुसा. म्हणजे ट्रकात येता येता अस्वलाकडूनही माल घेतला त्यायनं. सगळं काढलं. बंगल्याचा चौकीदार मारोती रोज येऊन पाहते अन् म्हणते, “दीदी, तैं एला बिगाड़ के रहिबे.” त्याले म्हटलं, आधीच बिघडलेला आहे भैया, मी नवीन काय बिघडवू.

फुगलेल्या पट्ट्या घासल्या. तुम्ही म्हटलं त्याच्याही अर्धं घासलं, कारण मले माझ्या वाटण्यावर भरवसा नव्हता. हातोड्यांले नवीन नमदा सदर बाजारात शोधत फिरली. एका दुकानदारानं घोड्याच्या खोगिराखालचा दाखवला. शेवटी बाबांच्या पेटीच्या खोक्यात जाड तुकडा होता, तो कापून चिकटवला.

चावी अभनपूरच्या हिरालाल मिस्त्रीनं केली. तो ट्रॅक्टर दुरुस्त करते, बाबांच्या ओळखीचा. ट्रॅक्टरच्याच पान्याचं तोंड भट्टीत बारीक केलं. तुम्ही सांगतल्याप्रमाणे ट्रंकेत ठेवली आहे, हात लावला नाही.

आता पियानो इतका गोड वाजून राहिला मामा, काय सांगू. सा-ग-प सोबत दाबलं तर तंबोऱ्यासारखं गुंजते. बाबांच्या पेटीचा गांधार जसा लावला होता ना, डिट्टो. साहेब खूष आहेत.

रुचिता


कामठी, २२ मे २००१

रुचिता,

खोटं बोलायचं तर नीट शिकून बोलावं. उंदरं काढून पियानो गोड होत नाही. जमीनदाराच्या घरात कितीक वर्षं धूळ खात पडलेल्या तारा आपोआप गांधाराले येऊन बसल्या का? तू चावी लावली. अन् तू त्याले पेटीसारखा लावला.

आता जा अन् तेच सा-ग-प पांढऱ्या सोडून एखाद्या काळ्या पट्टीपासून दाबून पाह्य. दातावर दात घासल्यावाणी वाटन.

ऐक. सा पासून अस्सल प लाव. त्या प पासून त्याचा अस्सल प लाव. असं करत करत बारा घरं फिरून पुन्हा सा वर येशील, तर तो सा तुझा पहिला सा राहत नाही. जरासा वर चढलेला असते. ही काही तुझी चूक नाही, सुरांचाच हिशेब तसा आहे. ती जास्तीची खोट कुठंतरी टाकावीच लागते. तू ती सगळी काळ्या पट्ट्यांच्या दारात नेऊन टाकली, अन् आपल्या सा च्या अंगणात सडा-रांगोळी केली. पेटीवाल्याले चालते, तो एकाच सा वर रात्र काढते. पियानोवाला कुठूनही सुरू करते.

म्हणून प्रत्येक प चिमूटभर उतरता ठेवायचा. दोन सूर सोबत दाबले की एक लहर येते, वांव वांव वांव. ती अगदी सावकाश आली पाहिजे. ग मात्र चढा होईन, तुझा कान तक्रार करन, करू दे. पियानो लावणं म्हणजे कोणालेच पूर्ण खरं मिळू द्यायचं नाही, अन् कोणाले पत्ताही लागू द्यायचा नाही. तुमची राजधानी याच बेतानं वसवून राहिले असतीन.

मी रागावलो आहे. पण चावी हिरालालनं चांगली केली असन, नाहीतर खुंट्या चेमटल्या असत्या.

लहानू


रायपूर, १९ जुलै २००१

मामा,

लावली होती चावी. माफ करा. काळ्या पट्टीवरून दाबून पाहिलं अन् कानात बोटं घातली. पडदे शिवणाऱ्या पोट्टीनं विचारलं, काय मेलं आतमध्ये.

पण आता मोठीच पंचाईत झाली. चौबे साहेबाले एकच बोट येते. ते पांढऱ्या पट्टीवर एकेक करत सा-ग-प दाबतात, डोळे मिटतात अन् म्हणतात, “वाह, क्या मिठास है.” तुमचं पत्र वाचून मी सांगायला गेली, साहेब, हे चुकीचं लागलं आहे, पुन्हा लावावं लागते. ते म्हणाले, “अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा. फाइल में ‘चालू हालत’ लिखा जा चुका है.” पोस्टचा कागदही त्याच फायलीत आहे, माझ्या नावासकट. मी हात लावला अन् काही झालं तर ‘चालू’ वस्तू मी बिघडवली असं होते.

अन् एक नवंबरले वाजवणार आहेत मिशनच्या शाळेतल्या संगीताच्या मॅडम. परवा येऊन पाहून गेल्या. बसल्या अन् सरळ काळ्या पट्ट्यांवरच सुरू झाल्या. दोन ओळी वाजवून थांबल्या, झाकण लावलं, माझ्याकडं पाहून हसल्या अन् म्हणाल्या, “देखते हैं.” मामा, त्या हसण्यानं मी दोन दिवस जेवली नाही.

तुम्ही या ना. एकदा येऊन तुमच्या हातानं लावून द्या. कामठीहून गाडीत बसलं की रायपूर. साहेब दर शनिवारी बायकापोरांकडं भोपाळले जातात, बंगला आपलाच असते. मी बाजूले उभी राहून पाहीन.

रुचिता


कामठी, ४ ऑगस्ट २००१

रुचिता,

मले येणं जमत नाही. गुडघा दुखते. छत गळून राहिलं. गोदूची तब्येतही बरोबर नाही. अन् शेजारच्याचा कुत्रा आजारी आहे, त्याले मीच पाहतो.

मी पुष्कळ विचार केला. माझं ऐकशील तर पियानो आहे तसाच राहू दे. मॅडमले म्हण पांढऱ्यावरून वाजवा. नाही वाजवलं तर त्यायचं त्यायच्यापाशी. मेजवानीत लोक जेवतात, कोणी ऐकत नाही. साहेब खूष आहे, फाइल झाली आहे, नाव लागलं आहे. आपल्या घरात पक्की नोकरी कशी लागते हे तुले माहीत नाही, मले माहीत आहे. बेसूर पियानोवर कोणाची नोकरी गेल्याचं मी ऐकलं नाही. साहेबाचं न ऐकल्यावर गेलेल्या मात्र पाहिल्या.

तरी हट्टच असन तर सोबतच्या कागदावर सगळं लिहिलं आहे. कोणत्या सुरापासून सुरू, कुठं लहर किती सावकाश. डावीकडचे जाड सूर सोडले तर प्रत्येक सुराच्या तीन तारा असतात, त्यातल्या दोन नमद्याच्या पट्टीनं गप्प करून एकच लावायची. खुंटी पिळायची नाही, ढकलायची. जराशी वर नेऊन मंग खाली बसवायची, नाहीतर रात्रीतून उतरते. पियानो जुना आहे, सगळा जितका उतरला आहे तिथंच सांभाळ, वर ओढू नको.

पण लावू नको, हेच माझं मत.

लहानू


रायपूर, १४ ऑगस्ट २००१

मामा,

कुत्र्याची तब्येत कशी आहे?

तुमच्याकडून असं ऐकीन असं वाटलं नव्हतं. मले शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. राहू दे तसाच, हे मले मारोतीनंही सांगतलं होतं, त्यासाठी कामठीले पत्र टाकायची गरज नव्हती.

रुचिता


कामठी, १८ सप्टेंबर २००१

रुचिता बाई,

मी गोदूमामी. माझी तब्येत चांगली आहे, छतही गळत नाही. कुत्रा कोणाचा ते मले माहीत नाही.

तुझं पत्र आल्यापासून हे नीट जेवत नाहीत. पाण्याचा नळ बंद करतात तोही असा, मान तिरपी करून, जरासा पुढं, जरासा मागं. मी म्हटलं, नळच आहे तो. तर उठून गेले.

तुले खरं सांगते, यायले सांगू नको. तुझ्या मामानं पियानोची चावी जन्मात धरली नाही. रोझारियो साहेब चावी धरे अन् हे बाजूले उभे राहत. बॅग उचलायची, झाकण काढायचं, नमद्याची पट्टी तारांत सरकवायची. नोकरीभर हेच. साहेबानं कधी चावी दिली नाही, यायनं कधी मागितली नाही. साहेब ऑस्ट्रेलियाले गेला तर चावीही घेऊन गेला, तिकडं जशा भेटतच नसतीन.

पण कान होता तो यायचाच, साहेबाचा नाही. साहेबाले उतारवयात बरोबर समजत नसे. सूर हुकला की हे खोकलत. साहेब पुन्हा फिरवे. बरोबर बसला की खोकला बंद. सगळं इन्स्टिट्यूट म्हणे, लहानूले दम्याचा त्रास आहे. त्यातूनच हे लग्नापंगतीत सांगतात की पियानो माझ्या भरवशावर होता. मी गप्प राहते, कारण ते खोटं नाही.

म्हणून येत नाहीत. तू चावी हातात देशील, अन् हात कापन, ही भीती आहे. राग धरू नको.

गोदूमामी


रायपूर, १५ ऑक्टोबर २००१

मामा,

तुमचं न ऐकता मी पियानो पुन्हा लावला. कितीक शनिवार-रविवार गेले. साहेबाची जीप फाटकाबाहेर पडली की मी झाकण काढे. एक तार तुटली, तोंड बाजूले होतं म्हणून वाचली. पहिल्यांदा तो चढा ग ऐकून मले रडू आलं. बाबांनी ऐकला असता तर पेटी बंद करून उठले असते. पण मंग काळ्यावरून दाबलं, पांढऱ्यावरून दाबलं, कुठूनही दाबलं, सगळीकडं सारखं. तुमचा कागद एका जागीही चुकला नाही.

मॅडमले गुपचूप बोलावलं. त्यायनं बराच वेळ वाजवलं अन् या वेळेस झाकण लावलं नाही.

पण वरचे सूर मले अजून बरोबर ऐकू येत नाहीत. लहर आहे का माझ्या कानाचा भास, समजत नाही. तुम्ही एक नवंबरच्या आधी दोन दिवस या. साहेब ते दोन दिवस मेजवानीच्या धावपळीत बंगल्याबाहेरच राहणार आहेत. तुम्हाले काहीच करायचं नाही. चावी माझ्या हातात राहीन. तुम्ही फक्त बाजूले उभे राहा, अन् खोकला आला तर दाबू नका.

रुचिता


रायपूर, २० नवंबर २००१

मामा,

तुम्ही दोन तारखेलाच निघून गेले, त्यानंतर इथं काय झालं ते ऐका.

आधी जे झालं ते पुन्हा लिहिते, कारण माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही दोन दिवस खोकलले अन् मी लावत गेली, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मेजवानीत मॅडमनी वाजवलं. तुम्ही म्हटलं तसं लोक जेवत होते. नंतर मॅडम आल्या अन् माझ्या बाजूनं निघून जाऊन तुमचा हात हातात घेतला, “थैंक यू, उस्तादजी.” पांढरे केस, काळा कोट, रुबाब तर होताच. त्यायले वाटलं, लावणारे तुम्हीच, मी आतापर्यंत नुसती तुमच्या हाताखाली काम करून राहिली होती. साहेबानं त्यांचं सा-ग-प दाबलं, कपाळाला आठ्या घातल्या, तुमच्याकडं पाहिलं अन् म्हणाले, “कुछ अलग लग रहा है, लेकिन उस्तादजी ने किया है तो ठीक ही होगा.”

अन् तुम्ही हसले, मामा. तुम्ही नुसते हसले.

काल आदेश निघाला. ‘वाद्य अनुरक्षक’ पदावर संविदा, म्हणजे कंत्राटी, नियुक्ती, उस्ताद श्री लहानू, निवासी कामठी. खाली एक ओळ: औजारांची बॅग उचलणे व अन्य सहायता, कु. रुचिता, दैनिक वेतन, पूर्ववत्.

आईनं आज सकाळी पुन्हा विचारलं, बोलावलं का कामावर. मले तुमचा खूप राग आला आहे. साहेबाचा नाही, त्यायले एकच बोट येते. तुमचा.

रुचिता


कामठी, १० जानेवारी २००२

रुचिता,

तुझ्या पत्राले उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मले आधी साहेबाशी निपटायचं होतं.

गोदूनं तुले सांगतलं हे मले खोकल्याच्या ओळीवरूनच समजलं होतं. तरी आलो. अन् ती मॅडम हात धरून उस्ताद म्हणाली, तेव्हा मी नुसता हसलो. मले कोणी असं म्हटलं नव्हतं. तेवढा वेळ मी ते ठेवून घेतलं. तुझं होतं ते.

मी तुझ्या साहेबाले हिंदीत साफ लिहिलं की मी पियानो कधी लावला नाही, पोट्टीनं लावला. त्यांचं उत्तर आलं, ‘आपकी विनम्रता के आगे नतमस्तक हूँ. सच्चे कलाकार ऐसे ही होते हैं.’ सोबत मानधन वाढवून दिल्याचा कागद.

मंग मी रेल्वेत इतकी वर्षं जे पाहिलं ते कामाले लावलं. दुसरं पत्र लिहिलं. म्हटलं, मी संविदावाला आहे, सरकारी वस्तूचा ताबा घेणं मले नियमात बसत नाही. ताबा पक्क्या माणसाकडंच पाहिजे. अन् माझी मदतनीस पक्की झाल्याशिवाय मी पियानोले हात लावणार नाही, ही उस्तादाची अट समजा. तिच्याशिवाय माझ्यानं एक सूर लागत नाही. हे खरं होतं, अन् तेच त्यायनं पुन्हा विनम्रता समजली असन, पण नियमाचं मानलं. काल फोनवाल्याच्या दुकानात निरोप आला. ‘सहायक, वाद्य’, नियमित पद, तुझं नाव. सोमवारी आदेश हातात येईन. कमलाले सांग, आता सकाळी काही विचारायचं नाही.

तुझ्या हाती तो कागद पडला की महिन्याभरात मी गुडघ्याचं कारण सांगून सोडतो. गुडघा खरंच दुखते, त्या वेळेस खोटं नव्हतं.

पण एकदा रुजू व्हायला यावंच लागन. पुढच्या शनिवारी येऊन सही करतो, मंग साहेबाची जीप जाऊ दे. तेव्हा मले एक तार लावू दे. सगळ्यात डावीकडची, जाड, जिच्याकडं मॅडमचाही हात जात नाही. चावी तू माझ्या हातात दे अन् जरा दूर उभी राहा. बिघडली तर साहेब यायच्या आत तू नीट करून ठेवशील.

लहानू